म्हाताऱ्याची चाल

रिएका या बंदराच्या शहरातल्या कॉलेजात व्हेद्रानच्या गेमभोवती झुंबड उडाली होती. बाणाचं बटण दाबलं की पडद्यावरचा म्हातारा लंगडत चालायचा, पोरं पोट धरून हसायची. "ही चाल कुठून उचललीस रे?" एकाने विचारलं. "अशीच सुचली," व्हेद्रान म्हणाला, तेवढ्यात दारात काठी वाजली. गोदीत डावा पाय चिरडलेले त्याचे बाबा खिमा भरलेल्या बुरेकची गरम पुडी घेऊन आले होते. ते लंगडत जवळ आले तसं हसू आटलं. व्हेद्रानचे कान तापले. "मलाही खेळू दे की," म्हणत बाबांनी टेबलाला काठी टेकवली. म्हाताऱ्याला उजवीकडे चालवलं, मग डावीकडे वळवलं. डावीकडची चित्रं काढायचा कंटाळा करून व्हेद्रानने उजवीकडचीच आरशासारखी उलटवली होती; म्हातारा आता उजव्या पायाने लंगडू लागला. बाबा बघत राहिले. काठी उचलत म्हणाले, "नशीबवान आहे लेकाचा. वळला की दुखरा पाय बदलतो."