गुरुराजचा तवा

ॲल्युमिनियम, तांबं आणि लोखंड एकत्र वितळवून, बेताबेतानं निववून गुरुराजनं अखेर क्वासिक्रिस्टल वाढवला. त्यातली अणूंची नक्षी अगदी शिस्तीची, तरी ठरावीक अंतरानं पुन्हा तशीच कधी न येणारी. असा लेप दिलेल्या तव्याला काही चिकटत नाही, म्हणून पहिला तवा त्यानं कुंभकोणमला आईकडे पाठवला. सुट्टीत तो घरी आल्यावर पानात दोसा पडला, तो मधोमध फाटलेला.

"चिकटला?"

"कडेनं अल्लद सुटतो रे," त्याची आई वेदवती म्हणाली. "नव्या भांड्यावर नाव नको घालायला? खालून काजळी धरते, म्हणून आतच कोरून घेतलं. भांडीवाल्याची छिन्नी मोडली, पण सोडला नाही मी त्याला. आता तुझ्या नावापाशी तेवढा चिकटतो."