पालथ्या पट्ट्या

“मी आता परत जाणार नाही,” टॅम्सिन म्हणाली. निळी बॅग तिने सकाळीच माळ्यावर टाकली होती. ईस्टरची सुट्टी संपत आली होती आणि सुट्टीनंतर ऑक्सफर्डात तिची पहिल्या वर्षाची परीक्षा होती.

“ऑक्सफर्डनेच तोंडाला फेस आणला?” तिचा जुळा भाऊ रूफस पावाला लोणी फासत म्हणाला. तो केंब्रिजला होता. विषय दोघांचाही गणित. “आमच्याकडे असतीस तर आठवड्यात पळाली असतीस.”

“तुमच्याकडे निदान माणसाला झेपेल असं तरी विचारतात. आमचा एक पेपर बघ, मग बोल, दीडशहाण्या.”

“बघतोच की! घोडामैदान जवळच आहे.”

दोघे घरी आले की हेच चालायचे. कुणाचे गणित अवघड, कोण जास्त जागतो, कुणाचे प्राध्यापक जास्त खडूस. पण आज टॅम्सिनच्या आवाजात भांडणाची मजा नव्हती. शाळेत गणितावर जीव टाकणारी ही पोर हल्ली वही उघडली तरी रडवेली होई. तिथले सगळे आपल्याहून हुशार, आपल्याला घेतले ते चुकून, हे तिच्या मनाने पक्के धरले होते. तिच्याबद्दल वाईट वाटावे असेच दिवस होते ते.

त्यांची आई, जिलियनबाई, हे सगळे चहाचे पाणी ठेवता ठेवता ऐकत होती. गणितातले तिला ओ की ठो कळत नसे. मात्र गावच्या प्रदर्शनात जॅमची परीक्षक म्हणून तिचा दरारा होता. तिथे प्रत्येक बरणीपुढे बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी पालथी ठेवतात. आधी चव घ्यायची, मग चिठ्ठी उलटायची. नाहीतर पाद्र्याच्या बायकोचा पातळ जॅमसुद्धा दरवर्षी पहिला आला असता.

दुसऱ्या दिवशी जिलियनबाईने लायब्ररीतून दोन्ही विद्यापीठांचा एकेक जुना पेपर छापून आणला, मुले जन्मायच्या आधीचा. दोन्हींवरची विद्यापीठाच्या नावाची पट्टी कात्रीने कापली. एक पेपर टॅम्सिनपुढे सरकवला, एक रूफसपुढे, आणि ज्याची पट्टी त्याच्यापुढे पालथी ठेवली.

“आधी सोडवा. कुठला अवघड ते मग सांगा. तोवर पट्टीला हात लावाल तर याद राखा.”

“म्हणजे मी हिचा, ही माझा,” रूफस बाह्या सरसावत म्हणाला.

जिलियनबाई चहा ओतायला लागली.

पहिला प्रश्न टॅम्सिनने रागारागाने सोडवला. दुसऱ्याला तिच्या जिभेचे टोक बाहेर आले, शाळेत यायचे तसे. मग तिने कागद मागितले, मग आणखी मागितले. चहा गार झाला, त्यावर साय धरली, तिला पत्ता नव्हता. जेवणाच्या वेळेला तिने पेन खाली टाकले. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

“एवढंच? एक प्रश्न राहिला, बाकी सगळं झालं! म्हटलं नव्हतं? केंब्रिज म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं!”

रूफसने केस ओढून ओढून उभे केले होते. “तुला हसायला काय जातंय? तुमच्या ऑक्सफर्डच्या तिसऱ्याच प्रश्नात अडकलोय मी. तू तिथे टिकलीस कशी, टॅम?”

“चव घेऊन झाली ना?” आई म्हणाली. “मग उलटा.”

टॅम्सिनने आपली पट्टी उलटली. तिच्यावर ऑक्सफर्ड लिहिले होते.

तिने ती पट्टी पेपराच्या कापलेल्या कडेला लावून पाहिली. बरोबर बसली. शेजारी तिच्याच अक्षरातली उत्तरे पडली होती, पानेच्या पाने. रूफसने मात्र आपली पट्टी न उलटताच हळूच लोण्याच्या बशीखाली सरकवली.

“आई,” टॅम्सिन उठत म्हणाली, “शिडी कुठंय? बॅग खाली काढायचीय.”