रस्त्याच्या मधोमध

ह्यूस्टनबाहेरच्या त्या वसाहतीत घरं भराभर उठत होती आणि मुलं मावेनात म्हणून जुन्या शाळेच्या मैदानात पत्र्याचे वर्ग वाढत होते. नवी शाळा हवी तर घरपट्टी वाढणार, म्हणून मतदान ठेवलं होतं. योलांडा आणि समोरच्या घरातली ब्रुक भर उन्हात दारोदार फिरल्या. "नव्या शाळेत एकही पोर पत्र्याखाली बसणार नाही, हा माझा शब्द," योलांडा प्रत्येक दारात सांगायची.

मतं मिळाली. शाळा त्यांच्याच रस्त्याच्या टोकाला उभी राहिली. योलांडाच्या लेकीनं, मारिसोलनं, बांधकाम चालू असतानाच आपल्या वर्गाची खिडकी ठरवून टाकली.

कुठल्या घरातली मुलं कुठल्या शाळेत जाणार, हे ठरवायला पालकांची समिती बसली. तिच्यासाठी ब्रुकचं नाव योलांडानंच सुचवलं. "तू गेलीस काय नि मी गेले काय, एकच."

समितीनं आखलेली हद्द नेमकी त्यांच्या रस्त्याच्या मधोमध गेली. ब्रुकची बाजू नव्या शाळेत, योलांडाची जुन्या.

योलांडा रस्ता ओलांडून ब्रुककडे गेली. "तुझं काही चाललं नसेल ना गं त्यांच्यापुढे?"

ब्रुकनं दार अर्धंच उघडलं. "चाललं की. हद्द आधी तुमच्या घरांमागच्या ओढ्यापाशी होती. मीच रस्त्यावर आणायला लावली."

योलांडानं वळून पलीकडच्या आपल्या घराकडे पाहिलं.

 

"तुमच्या बाजूचीही मुलं घेतली असती तर पहिल्याच वर्षी नव्या शाळेतही पत्रे आले असते. आणि शब्द तर तू दिला होतास सगळ्यांना."