शेवट सांगू नका

“अहो काका, शेवट सांगू नका!” खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या तोंडानंच ओरडलं आणि त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

सलूनवाले काका वस्तरा धरून तसेच थांबले. “शेवट कुठं सांगतोय? एवढंच म्हणतोय, त्या मालिकेतल्या सलूनवाल्यानं पोराला मारलेलं नाही.”

“मग उरलं काय सांगायचं! आणि त्यानंच मारलंय, लिहून घ्या. खऱ्या घटनेवर आहे म्हणे. मान तिरकी करून कसा बघतो मेला! अंगावर काटा येतो.”

काकांनी मान सरळ केली, पण उशीर झाला होता. गिऱ्हाइकाची नजर आरशात खिळली होती. आधी काकांच्या मानेवर, मग हातातल्या वस्तऱ्यावर. गृहस्थ या भागात नवीन होते. त्यांनी गळ्याभोवतीचं फडकं आपल्याच हातानं सोडलं, “फोन यायचाय” म्हणाले, आणि अर्धी दाढी गालावर तशीच घेऊन रस्त्याला लागले.

नऊ वर्षांपूर्वी सात वर्षांचा एक मुलगा याच दुकानात केस कापून गेला आणि घरी पोचलाच नाही. त्याला शेवटचं कुणी पाहिलं? काकांनी. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. अकरा दिवस कोठडीत गेले. बाराव्या दिवशी खरा मारेकरी दुसऱ्या गावात सापडला, कबूल झाला, तुरुंगात गेला. काका घरी आले. गल्ली हळूहळू विसरली. आता मालिकेनं सगळं उकरून काढलं होतं, आणि काकांचं नाव तेवढं बदललं होतं.

बायको म्हणाली, “तुमचं सोंग घेतलेला नट तुमच्याहून देखणा आहे. तेवढंच पुण्य पदरात पडलं म्हणायचं.” एरवी तिच्या बोलण्यावर काका पोट धरून हसत. त्या दिवशी त्यांनी ताट बाजूला सारलं.

त्यांनी मालिकेच्या कंपनीला फोन लावला. तीन जणांनी एकमेकांकडे टोलवल्यावर एक बाई गोड आवाजात बोलली.

“काका, तुम्ही निर्दोष आहात हे आम्ही दाखवणारच आहोत. आठव्या भागात.”

“काल चौथा झाला.”

“हो ना. प्रेक्षकांना धरून ठेवावं लागतं.”

“आणि माझी गिऱ्हाइकं कोण धरून ठेवणार, बाई?”

“पण आम्ही तुमचं नाव कुठं घेतलंय?”

“नाव सोडून सगळं घेतलंत. गल्ली घेतली, खुर्ची घेतली, ही मानसुद्धा घेतलीत.”

“एक मिनिट थांबा हं,” बाई म्हणाली, आणि फोनवर मालिकेचं गाणं वाजू लागलं. काकांनी ते तीनदा ऐकलं, मग फोन ठेवला.

पोलिसांनी दिलेलं सुटकेचं पत्र त्यांनी ट्रंकेतून काढलं आणि दुकानाच्या काचेवर चिकटवलं. दुपारी कॉलेजच्या दोन मुली आल्या. मालिकेची जाहिरात समजून त्या पत्रासमोर उभ्या राहिल्या, फोटो काढले आणि गेल्या. देवाच्या दारी न्याय मिळतो यावर काकांचा भरवसा होता. पण त्या न्यायाच्या मधेमधे जाहिराती असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पाचवा भाग झाला आणि दुकान ओस पडलं. रविवारी सकाळी एरवी बाकावर जागा नसे. त्या रविवारी काका तोच आरसा चौथ्यांदा पुसत होते. समोरच्या चहाच्या टपरीवर पाच-सहा जण उभे होते. दाढी वाढलेले, पण रस्ता कुणी ओलांडत नव्हतं. ‘उद्यापासून कुलूप लावावं,’ काकांनी मनाशी ठरवलं.

तेवढ्यात आरशात दारातली बाई दिसली. काकांच्या हातातलं फडकं गळून पडलं.

त्या मुलाची आई होती. नऊ वर्षांत ती या दुकानाची पायरी चढली नव्हती. रस्त्यात समोर आली तर काकाच खाली बघत पुढे जायचे. तिच्या मनात काय आहे, हे विचारायची त्यांची कधी छाती झाली नव्हती. तिच्यासोबत सहा-सात वर्षांची मुलगी होती. त्या घटनेनंतर झालेली.

“हिचे केस कापायचेत,” ती म्हणाली. “मानेपर्यंत ठेवा.”

काकांची नजर टपरीकडे गेली. तिथले पेले हवेतच थांबले होते. “ताई, तीन आठवड्यांनी या. आठवा भाग होऊ दे. लोक बघतायत.”

“पाच आठवडे बघतातच आहेत की, दादा. आता हेही बघू देत.”

तिनं लेकीला उचलून खुर्चीत बसवलं. काकांनी घाईनं बाक पुसला. “मग तुम्ही इथं बसा. हिच्यासमोर. उठू नका.”

“मला बाजारात जायचंय,” ती टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “तास तरी लागेल. फार हलते, जरा सांभाळून.” आणि ती गेली.

काकांनी मुलीच्या गळ्याभोवती फडकं बांधलं. गाठ दोनदा सुटली. कात्री उचलली, मग परत ठेवून कंगवा घेतला. केस विंचरता विंचरता काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, “आई बाजारात गेली की तू कुणापाशी थांबतेस गं, बाळ?”

“कुणापाशीच नाही,” मुलगी आरशात स्वतःकडे बघत म्हणाली. “आई मला सोडून कुठं जातच नाही. माझी शाळा सुटेपर्यंत ती वर्गाच्या दाराबाहेर बसून असते.”