काढणी

गॅसवर पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं, तरी बटाटे अजून जमिनीतच होते.

थोरल्या भावाला आणि वहिनीला जेवायला बोलावताना धाकट्याने छाती फुगवून सांगितलं होतं, “आज ताटात विकतचं काही नाही. मीठ तेवढं सोडून.” पालेभाजी तयार होती, टोमॅटो चिरून झाले होते. पण पोट भरायचं ते बटाट्यांनी, आणि बटाटे त्याने जन्मात पहिल्यांदाच लावले होते. गेल्या वर्षीपर्यंत घरामागे नुसती हिरवळ होती. आता तिथे पाला पिवळा पडून आडवा झाला होता. खाली काय आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघरात थोरली ताटं शोधत होती. खालच्या फडताळात तिला बाजारच्या बटाट्यांची पिशवी दिसली. तिने जावेकडे पाहिलं.

“असू दे म्हटलं हाताशी,” धाकटी गॅस बारीक करत हळूच म्हणाली.

“भावजींना माहीत आहे?”

“नाही.”

थोरलीने फडताळाचं दार लावलं. “मग मीही पाहिली नाही.”

घरामागे धाकट्याने पहिलं झुडूप उपटलं. मुळांना गोट्यांएवढे चार-पाच बटाटे लोंबत होते.

“डोंगर पोखरून उंदीर,” थोरला म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. इस्त्रीच्या पँटवर माती नको म्हणून खुर्ची लांब ओढून बसला होता. “तुला सांगत होतो, इथे फरशी घाल, गाडी लाव. भाजी काय, फोन केला की दारात येते.”

दुसऱ्या झुडपाला हात घालून धाकट्याने जोर लावला. खोड काडकन मोडून हातात आलं.

ते मात्र थोरल्याला बघवेना.

“अरे, असं ओढतात का? वरचं तुटलं की खालचं आतच राहतं. सरक जरा.”

बाह्या दुमडून तो गुडघ्यांवर बसला. खुरपं बाजूला ठेवून त्याने दोन बोटं मातीत घातली, चाचपडली. “आधी चहूबाजूंनी सैल करायचं. घाई केली की फसलं.”

थोड्या वेळाने मनगट किंचित फिरवून त्याने मुठीएवढा बटाटा वर आणला. अंगठ्याने माती पुसली, उजेडाकडे धरून सगळीकडून निरखला.

“अख्खा आला.”

“तोही भूल न देता,” धाकटा म्हणाला, आणि दोघेही हसले.

त्यानंतर थोरल्याने त्याला मातीला हातच लावू दिला नाही. एकेक करत घमेलं भरलं. धाकटी दारात आली, घमेल्याकडे बघत क्षणभर उभी राहिली, आणि ते कमरेवर घेऊन आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. मग बटाटे पाण्यात पडल्याचा.

“अहो, पुरे झाले,” थोरलीने खिडकीतून हाक दिली. “सगळ्यांना होऊन उरतील. उठा, हात धुवा.”

थोरला कोपरापर्यंत मातीत होता. त्याने मानही वर केली नाही.

“थांब गं. इथे अजून एक आहे. हाताला लागतोय.”