मागची घरघर

एकेकाळी त्याच्या रॅपवर कॉलेजची पोरं जीव टाकायची. आता तो एका स्टुडिओत बसून दुसऱ्यांची गाणी साफ करतो आणि नव्या पिढीचं रॅप ऐकून नाक मुरडतो. "नुसता धांगडधिंगा! शब्द कुठायत?"

बायको गेल्यानंतर काही दिवसांनी लेकीने आईवर केलेलं रॅप आणून दिलं. फोनवर रेकॉर्ड केलेलं. फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर टाकली आणि जागा नाही म्हणून फोनमधली पुसून टाकली.

"बाबा, यात बीट घालू नकोस. आहे तसं खरं राहू दे."

त्याने ऐकलं. परत ऐकलं. शब्द अस्सल होते, एकही उसना नव्हता. आता तरी रडू येईल असं त्याला वाटलं, पण आलं नाही. मग सवयीने हात कामाला लागले. शब्दांच्या मागे जुन्या पंख्यासारखी घरघर होती, थांबत थांबत येणारी. ती त्याने मुळापासून काढली, नवी फाइल सेव्ह केली आणि जुनी कायमची उडवली.

संध्याकाळी लेकीने हेडफोन लावले.

"माझ्यापेक्षा सरस लिहिलंयस," तो म्हणाला. "एका शब्दाला हात लावला नाही. फक्त मागची घरघर काढली."

तिने हेडफोन उतरवून टेबलावर ठेवले.



"आईच्या उशाशी बसून म्हटलं होतं, बाबा. तिच्या श्वासाच्या ठेक्यावर."