वेंगैचा पेला

रंगरावांची साखर पुन्हा चढली, आणि त्यांच्या लेकीनं, कनकलतेनं, सगळं खापर पेल्यावर फोडलं.

"हे वेंगै नव्हेच आप्पा! फसवलं मेल्यानं!"

वेंगै म्हणजे बिबळा. त्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवायचं. सकाळी ते तांबूस होतं, उन्हात धरलं की निळी झाक मारतं. मधुमेहाला बरं म्हणून तंजावुरात कितीतरी घरांत ते पितात. लाकडानं रंग सोडायचं थांबवलं की पेला बदलायचा. आयात खुली झाल्यापासून मलेशियाचं लाकूड बाजारात बदाबद येत होतं. तेच कुणी गळ्यात मारलं असणार.

तिनं पेला उन्हात नेला. पाणी झकास निळं चमकलं. लाकूड अस्सल होतं. आता दोष तरी कुणाला द्यायचा?

बंगळूरच्या कंपनीला आज होय की नाही ते कळवायचं होतं. नोकरीचं हे तिसरं बोलावणं. आधीच्या दोन्ही वेळी ऐन निघायच्या तोंडावर आप्पांची साखर भडकली होती. आई नाही, भावंड नाही. औषध, पथ्य, पाणी, सगळं तिच्याच गळ्यात. "जा की गं, माझं काय!" असं आप्पा म्हणायचे, पण अशा आवाजात, की पाऊल उचलू नये. तिशी उलटली होती. आपण याच घरात वाळून जाणार, हे तिला कळून चुकलं होतं. त्याचं रडूही आता येत नसे.

आप्पा देवळात गेल्यावर, नाही म्हणून सांगायलाच ती बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवर आली. रांगेत उभी होती, तेवढ्यात शेजारच्या मिठाईच्या दुकानात ओळखीची पाठ दिसली. हातात केळीचं पान, पानावर तुपानं निथळणारा अशोका हलवा. आणि आप्पा मजेत बोटं चाटत होते!

"आप्पा!"

ते दचकले. पान लपवायला जागा नव्हती.

"रोज खाता हे? माझ्या नकळत?"

"छे गं, रोज कुठलं!" म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "तुला नोकरीचं बोलावणं आलं, की तेवढंच."

कनकलतेला आधी हसू फुटलं, मग संताप आला. बूथवाल्यानं हाक मारली. ती आत गेली, काचेचं दार ओढून घेतलं आणि बंगळूरला सांगितलं, "सोमवारी येते."